जोतीरामचा पाचुंदा

"आवो सायेब, पन म्या वहीत समदं ल्हिलं व्हतं की! वळीखाली वळ. येक बी वळ सोडली न्हवती."

"त्या वहीनंच घात केला, मर्दा! वही बघून मधुकरनं बटनं दाबली आन् वर्साचं रेकॉर्ड घंटाभरात—"

"घंटा नाय सायेब. दोन मिन्टां पन नाय लागली," दाराशी उभा असलेला मधुकर म्हणाला. त्याला वाटत होतं, आपण जोतीरामची बाजू घेतोय.

हौसेराव साहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो आपसूक दाराबाहेर सरकला.

हे फेब्रुवारी १९९४ मधलं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत सलाइनच्या बाटल्या करणारी एक कंपनी होती, तिच्या डिस्पॅच खात्यातलं. हौसेराव त्या खात्याचे साहेब. जोतीराम वीरकर त्यांचा कॉम्प्युटर ऑपरेटर, आणि मधुकर कोपरखैरण्याचा, तिथलाच क्लार्क. जोतीराम आठ दिवसांची रजा काढून माण तालुक्यात गावाकडं शाळू काढायला गेला होता. सकाळी एस्टीतनं उतरला, पिशवी खोलीवर टाकली आणि तसाच कामावर आला. हाताला अजून कडब्याचे ओरखडे होते. मानेवर शाळवाची कूस चावत होती. आणि गेटवरच्या वॉचमननं रामराम घालायच्या ऐवजी विचारलं, "जोती, तू काय करून ठिवलंस रं?"

झालं होतं ते असं. रोज सकाळी लॅबमधून एक फ्लॉपी यायची. त्यात कोणती बॅच पास, कोणती नापास, हे असायचं. जोतीरामचं काम पाच पायऱ्यांचं. मशीनला दुसरी एक डिस्क होती, तिच्यावरच्या 'कच्चा' नावाच्या डिरेक्टरीत जायचं. तिथलं कालचं पुसायचं. फ्लॉपी वाचायची. पास झालेल्या बॅचा निवडायच्या. त्यांचे गेटपास छापायचे. गेटपास मिळाला की ट्रक हलायचा. ह्या पाच पायऱ्यांना लागणाऱ्या कमांडी जोतीरामनं दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या आणि रजेवर जाताना ती वही मधुकरच्या हातात दिली होती.

पण ती दुसरी डिस्क होती नाठाळ. मशीन सुरू झालं की ती आपली आपण जोडली जात नसे, हातानं जोडावी लागे. तशी वेळ आली की जोतीराम ते चहाचा ग्लास एका हातात धरून दुसऱ्या हातानं करायचा. चार वर्षं करत होता. ते काम आहे, हेच तो विसरला होता. सदऱ्याची गुंडी लावायची कुणी वहीत लिहितं का?

पहिले चार दिवस मशीन बंदच झालं नाही, म्हणून निभावलं. पाचव्या दिवशी लाइट गेली. आली तेव्हा मधुकरनं मशीन सुरू केलं, वही उघडली आणि पहिली ओळ टाइप केली, 'कच्चा'त जा. डिस्कच जोडलेली नाही, तर 'कच्चा' कुठनं असणार? मशीन म्हणालं, सापडत नाही. मधुकरला वाटलं, मशीन काय, रोजच काय तरी पुटपुटतं. त्यानं दुसरी ओळ टाकली, इथलं सगळं पूस.

'इथलं' म्हणजे जिथं उभा होता तिथलं. आणि तो उभा होता अंगणात, म्हणजे मशीनच्या मुख्य डिरेक्टरीत, जिथं वर्षभराच्या सगळ्या बॅचांचं रेकॉर्ड होतं.

शनिवारी सगळ्या रेकॉर्डची नक्कल घेतलेली टेप होती म्हणून जीव वाचला. तरी मधल्या दिवसांचं सगळं लॅबच्या रजिस्टरावरून परत भरावं लागलं. दोन दिवस ट्रकांची रांग पार नाक्यापर्यंत. ड्रायव्हर रस्त्याकडंला स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते आणि कंपनीच्या नावानं शिव्या हासडत होते.

"मी काय केला?" बाहेर आल्यावर मधुकर म्हणाला. "तू जसा लिवलेला हाय, तसाच मी मारला ना."

"तसाच मारलास, त्येच चुकलं बाबा," जोतीराम म्हणाला. "मशीन न्हाई म्हनलं, तरी म्होरं ग्येलास."

"मंग वहीत लिवाचं ना, नाय म्हनला तर थांबाचं!"

खरं होतं ते.

हौसेरावांनी निवाडा दिला होता. "पुढच्या सोमवारपर्यंत असं करून ठेव, की म्या बसलो, मधुकर बसला, नाय तर गेटवरचा वॉचमन बसला, तरी मशीननं एक चिठ्ठी बी खाल्ली नाय पायजे. जमलं तर जमलं. नाय तर ही खुर्ची सोड आन् परत गोडाऊनला जा. खोकी उचलायला मानसं कमीच हायत."

ही खुर्ची जोतीरामला कुणी आयती दिलेली नव्हती. सत्त्याऐंशी साली तो तुर्भ्याला आला तो गोडाऊनमध्ये हमाल म्हणून. एका खोक्यात बारा बाटल्या आणि एका खेपेला पाठीवर चार खोकी. दुपारी गेटपास आणायला म्हणून कॉम्प्युटर रूमच्या काचेशी उभा राहायचा. त्या खोलीत चपला काढून जावं लागे. माणसांना पंखा नव्हता, पण मशीनला एसी होता. मे महिन्यात ज्याला त्याला त्या खोलीत काहीतरी काम निघायचं. आत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि प्रिंटर करकर करत कागदाचं लांबच लांब धोतर बाहेर सोडायचा. जोतीराम काचेतून बघत राहायचा, ऑपरेटर कोणती बटणं दाबतो, कोणत्या क्रमानं. दहावी झाली होती, इंग्रजी अक्षर ओळखत होता. पुढं तो ऑपरेटर दुबईला गेला. त्या दिवशी गेटपास अडले, आणि दारातल्या हमालानं चपला काढून सांगितलं, "सायेब, म्या बसू का?" हौसेरावांनी 'तात्पुरता' म्हणून बसवला. चार वर्षं झाली तरी कागदावर तो अजून तात्पुरताच होता.

त्या वेळचं तुर्भे आता शोधून सापडायचं नाही. दगडखाणीची धूळ आणि खाडीचा वारा, दोन्ही एकाच दारातून आत यायची. दसऱ्याला त्या टर्मिनलला झेंडूची माळ पडायची आणि कीबोर्डावर कुंकू सांडलं म्हणून शिव्याही पडायच्या. गावाकडं जोतीरामचं नाव झालं होतं. म्हातारा बाप पारावर सांगायचा, "माझा पोरगा मशीनवर हाय." कसली मशीन, ते त्याला ठाऊक नव्हतं. पिठाच्या गिरणीएवढी असेल, असं तो धरून चालला होता.

आता खोकी उचलायची म्हणजे पाठीचं काही नव्हतं. पाठ दणकट होती. पण गावी काय सांगायचं?

संध्याकाळी खोलीवर पुतळा मेथी निवडत बसली होती. पुतळा त्याची बायको, शेजारच्याच गावची. तुर्भे नाक्यावर भाजीचा वाटा लावायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि देठ तोडत म्हणाली, "मंग करा की त्येंच्या मनासारखं."

"क्येलं तरी पंचाईतच हाय. समद्यांनाच चालवता याया लागलं, तर मला त्या खुर्चीत कशापायी ठिवतील?"

"मंग नगा करू."

"न क्येलं तर खोकी उचल."

"म्हंजी इकडं आड आन् तिकडं हीर," पुतळा म्हणाली. "आवो, थोडं हातचं राखून सांगावं मानसानं. माजी आय समद्या सुनांस्नी सैपाक शिकवायची, पर मसाल्याचं माप न्हाई सांगायची. मरस्तवर चुलीम्होरचा पाट तिचाच व्हता."

जोतीरामला ते पटलं. मसाल्याचं माप ठेवायचं आपल्यापाशी. त्या समाधानात तो दोन भाकरी जास्तीच्या जेवला.

क्षिप्रा मॅडम दर गुरुवारी यायच्या. ज्या कंपनीनं मशीन बसवलं, तिच्या त्या इंजिनियर. ऐरोलीत राहायच्या, बोलायच्या भरभर, आणि जोतीरामला अहोजाहो करायच्या. त्या खात्यात तेवढं एक माणूस त्याला अहो म्हणत होतं.

"टेन्शन नका घेऊ हो जोतीराम," त्या म्हणाल्या. "सगळ्या कमांड्स सुट्या आहेत ना, तिथंच प्रॉब्लेम आहे. एक फेल झाली तरी दुसरी चालते. त्यांचा गट बांधायचा. हा बघा महिरपी कंस. शाळेत होता ना? ह्याच्या आत टाकलं, की मशीन त्याला एकच काम समजतं."

"म्हंजी आळा," जोतीराम म्हणाला.

"काय?"

जोतीरामनं इकडंतिकडं बघितलं. प्रिंटरच्या कागदाच्या कडेच्या भोकाच्या पट्ट्या फाडून टोपलीत टाकलेल्या होत्या. त्यानं एक पट्टी उचलली, दोन्ही तळहातांत धरून पीळ भरला, टेबलावरची पाचसहा पेनं गोळा केली, भोवती वेढा दिला आणि टोक अंगठ्यानं आत खुपसलं. गाठ नाही, काही नाही. पेनं घट्ट.

"ह्यो आळा. शाळवाची ताटं, म्हंजी धाटं, काडली की आसा आळा घालायचा, म्हंजी पेंढी झाली. सुटं ताट वाऱ्यानं कुटंबी जातं. पेंढी जाईल तर आख्खी जाईल, ऱ्हाईल तर आख्खी ऱ्हाईल."

मॅडमनी ती पेंढी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. "एक्झॅक्टली," म्हणाल्या. "आता ह्या पेंढीला नाव दिलं, की झालं फंक्शन. मग रोज आतल्या कमांड्स लिहायच्या नाहीत. नाव घेतलं की काम होतं."

"पाच पेंढ्यांचा येक पाचुंदा," जोतीराम म्हणाला. आता त्याची गाडी उतरणीला लागली होती. "माजा बा पेंढ्या मोजतच न्हाई. पाचुंदं मोजतो. पाचुंदा म्हनलं की घेनाऱ्याला कळतं, पाच पेंढ्या आल्या. आत काय हाय त्ये सोडून दावावं लागत न्हाई."

"मग द्या नाव पाचुंदा," मॅडम म्हणाल्या आणि डबा खायला गेल्या.

शिकायला म्हणून मॅडमनी खोट्या फायलींची एक डिरेक्टरी करून दिली होती. जोतीरामनं पहिली पेंढी बांधली, 'कच्चा'त जा आणि जाता आलं तरच पूस. पण महिरपीचं बटण त्याला कीबोर्डावर पटकन सापडेना. कंस तो कंसच, म्हणून त्यानं साधा गोल टाकला. चालवलं. 'कच्चा' नीट पुसलं गेलं. तो खूश झाला. पुढची पेंढी फ्लॉपी वाचायची. वाचली, आणि सगळ्या फायली 'कच्चा'त पडायच्या सोडून अंगणात येऊन पडल्या.

डबा खाऊन आलेल्या मॅडम हसल्या. "गोल कंस टाकलात ना? गोल कंसात मशीन स्वतः जात नाही. आपल्यासारखाच एक दुसरा तयार करून त्याला आत पाठवतं. तो जातो, काम करतो आणि तिथंच संपतो. तुम्ही बाहेर होता तिथंच उभे."

जोतीराम म्हणाला, "आमच्या गावातला भगत हाय तसाच. अंगात आलं की बसल्या जागी तुळजापुरास्नं जाऊन येतो. तितं काय काय बघितलं समदं सांगतो. आन् उतारलं की पटकूर त्येच, धोतर त्येच, पायाला धूळ बी न्हाई."

"आणि महिरपीत?"

"महिरपीत आपल्याच पायानं जायचं. जितं ग्येलो तितं ग्येलो."

मॅडमना इतकं हसू आलं, की त्यांना पाणी प्यावं लागलं. पण हे त्याला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

राहिली होती ती कळीची जागा. डिस्क नसेल तर काय? मॅडमनी सांगितलं, जाता आलं नाही तर दोन कामं करायची. सांगायचं आणि थांबायचं. दोन्ही एकाच महिरपीत हवीत. नाही तर डिस्क नसताना बोलेल, पण थांबेल मात्र रोजच, डिस्क असो की नसो. जोतीरामनं महिरप काढली. आत संदेश लिहिला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला दुसरं अक्षर येत नव्हतं. 'डिस्क नाही. जोतीरामला बोलवा.' मग थांबायची कमांड. महिरप बंद.

हे मसाल्याचं माप होतं. पुतळाच्या आईचं.

मॅडमनी वाचलं. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आणि जोतीराम गावाला गेला असेल तर?"

"तर बसतील वाट बघत."

"ट्रकसुद्धा?"

जोतीरामच्या डोळ्यांसमोर नाक्यावरची रांग आली. ते काही विशेष नाही, रांगा रोजच्याच. पण त्याला मधुकरचा चेहराही आठवला. त्या दिवशी पडदा मोकळा झालेला बघून मधुकर म्हणे एवढा घाबरला, की अनवाणीच लॅबपर्यंत पळत गेला. त्याच्या चपला दाराबाहेर तशाच. ज्यानं विश्वासानं वही हातात घेतली, त्याला आपण अर्धवट वही दिली होती. तेव्हा न कळून. आता कळून देणार होतो.

आणि शेतातली आणखी एक गोष्ट. गावाकडं ढिला आळा घालणाऱ्याला बाप बोलत नसे. नुसती पेंढी उचलून दाखवायचा. ताटं खाली गळायची, आणि बघणारे बाकीचे हसायचे.

त्यानं ओळ खोडली. नवी लिहायला अर्धा तास गेला. 'डिस्क नाही. काहीही पुसलेलं नाही. आधी 'जोड' टाइप करा. मग परत पाचुंदा.' आणि मग 'जोड' नावाची आणखी एक पेंढी बांधली. चार वर्षं चहाचा ग्लास धरून जे करत होता, ते सगळं तीत घातलं. डिस्क जोडायचा अधिकार ऑपरेटर सोडून कुणाला नव्हता. तेवढी सोय मॅडमनी करून दिली.

"आता राहिलं नाही काही तुमच्याकडं," त्या जाताना म्हणाल्या. चेष्टेनं म्हणाल्या, पण जोतीरामला ते लागलं.

पुतळानं तर कपाळावर हात मारला. "सांगटलंसा समदं? माप बी?"

"माप बी."

"मंग उद्यापास्नं कंबरंला फडकं बांदा," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. पण त्या दिवशी तिनं ताटात कांद्याबरोबर शेंगदाण्याची चटणीही वाढली. ती चटणी एरवी सणालाच व्हायची.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर रूमच्या दाराबाहेर पाच जोड चपला आणि एक जोड बूट. बूट हौसेरावांचे. साहेबांनी आल्या आल्या दुसरी डिस्क मुद्दाम काढायला लावली आणि मधुकरला खुर्चीत बसवलं.

"सायेब, मना नका बसवू," मधुकर म्हणाला. "दुसऱ्या कोनाला तरी—"

"तूच बस. तुज्याकडनं जे मोडत नाय, ते कुनाकडनंच मोडायचं नाय."

मधुकरनं एक एक अक्षर शोधून पाचुंदा टाइप केलं आणि बटण दाबून हात असा मागं घेतला, जणू तव्याला लागला. पडद्यावर हिरवी ओळ आली. त्यानं मोठ्यानं वाचली. "काही पुसलेला नाय..." मग मागं वळून म्हणाला, "नाय पुसला! जोती, नाय पुसला रे!"

"म्होरं वाच."

त्यानं 'जोड' टाकलं. परत पाचुंदा. फ्लॉपीचा दिवा लागला, घरघर झाली, आणि प्रिंटर करकरायला लागला. पहिला गेटपास बाहेर आला.

हौसेरावांना राहवलं नाही. त्यांनी मधुकरला उठवलं, डिस्क परत काढायला लावली आणि स्वतः बसले. एका बोटानं. त्यांनाही मशीननं तेच सांगितलं, आणि त्यांचेही गेटपास छापून दिले. आता प्रत्येक बॅचचे दोन दोन गेटपास झाले होते. एक गठ्ठा त्यांनी गुपचूप फाडून टोपलीत टाकला.

मग खुर्ची गरकन जोतीरामकडं वळवली.

"मधुकर चालवतोय. म्या बी चालवला. मंग आता तुला हितं ठिवायचं कशाला?"

हाच प्रश्न जोतीराम आठवडाभर स्वतःला विचारत होता, त्यामुळं तो दचकला नाही.

"सायेब, तुमी बी शेतकऱ्याचंच हायसा," तो म्हणाला. "ह्यो येक पाचुंदा झाला. परत आलेल्या बाटल्यांचं काम आजून तसंच सुटं पडलंय. लॅबचं म्हैन्याचं रिपोर्ट हायती. नावड्याचं गोडाऊन चालू व्हनार, तितं बी मशीन येतंय, आन् तितली डिस्क कुटली, डिरेक्टरी कुटली, समदं येगळं. सारा कडबा रानात इस्कटलेला हाय. पाचुंदा काय, कुनीबी उचलतंय. पर पेंढ्या बांदून गंज कोन लावनार? मधुकर?"

"मी नाय," मधुकर लगेच म्हणाला.

हौसेराव खानापूरकडचे. गंज लावायची म्हणजे कडब्याची रास रचायची, हे त्यांना सांगावं लागलं नाही. बुडखा बाहेर, शेंडा आत, नाही तर पहिल्या पावसात सगळं कुजतं. त्यांनी नाकातनं एक आवाज काढला. तो हसण्याचा होता की खाकरण्याचा, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

"लाव मंग गंज," ते उठत म्हणाले. "आन् वही जाळून टाक ती."

वही जोतीरामनं जाळली नाही. पुढं कैक वर्षं ती त्याच्या ट्रंकेत होती. त्या खात्यात रोज सकाळी लोक एकमेकांना विचारायचे, "पाचुंदा टाकला का?" नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, ही इंग्रजी कमांड असावी. ती कंपनी पुढं उठून गेली आणि त्या जागी काचेची इमारत झाली. तिथं आता शिकलेली माणसं रोज असल्याच पेंढ्या बांधत बसतात. आळा माहीत असलेला माणूस त्यांच्यात असेल का, कोण जाणे.

पण त्या सोमवारी हौसेराव बूट घालून दाराबाहेर पडतात न पडतात, तोच प्रिंटर खर्रकन थांबला. मधुकरनं त्याच्यावर एक थाप मारली. मग दुसरी मारली.

"जोती! कागद अरकला रे! ट्रकवाला गेटवर भोंगा मारतंय!"

"आरं मारू नगंस त्येला, आलो," जोतीराम म्हणाला. त्यानं बाह्या सारल्या, प्रिंटरचं झाकण वर केलं आणि ओरखडलेला हात आत घालून चुरगळलेला कागद हळूहळू सोडवायला लागला.